झाकण्याजोगा प्रसंग

मंडळीच्या कमिटीत "हे काम कोण घेतं?" असा प्रश्न आला की जाणती माणसं लगेच चपला शोधायला लागतात. मीही त्या रविवारी चपला शोधायलाच खाली वाकलो होतो. उठताना तोल गेला, म्हणून भिंतीचा आधार घ्यायला हात वर केला.

"भिंगारदिवेंनी घेतलं," पाळक अमोलिकसाहेब म्हणाले आणि वहीत लिहूनही टाकलं.

काय घेतलं हे मला बाहेर आल्यावर कळलं. मे महिन्यात आमच्या चौसाळ्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुटुंब सप्ताह असतो. त्या वर्षीचा विषय होता 'ख्रिस्ती कुटुंबात बापाचं स्थान'. आदल्या वर्षी याच सप्ताहात पाळकसाहेबांनी दोन तास व्याख्यान दिलं होतं आणि त्यात निम्मी मंडळी झोपली होती. म्हणून या वर्षी तरुण संघानं सिनेमा दाखवायचा हट्ट धरला. बापावरचाच सिनेमा, आणि तोही हसवणारा. नाव 'पप्पांचं प्रगतिपुस्तक'. व्हीसीआर, टीव्ही, जागा, वीज, परवानगी हे सगळं बघणारा एक जबाबदार माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे भिंतीला धरून उभा असलेला मी.

हे सत्याऐंशी सालचं. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. मी तेव्हा गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेत सचिव होतो. संस्थेत सगळं होतं: चेअरमन, अकरा संचालक, फॅट मोजायचं यंत्र, भिंतीवर हसऱ्या गाईचं चित्र. फक्त दूध नव्हतं. गाई छावणीला गेल्या होत्या. तरी महिन्याला दोन बैठका व्हायच्या आणि मी दोन्हींत 'आवक निरंक' असं सुवाच्य अक्षरात लिहायचो. असल्या माणसाला रिकामा वेळ भरपूर, असा मंडळीचा समज. पण मला काळजी करायलाच सबंध दिवस पुरत नसे, हे कुणाला सांगणार?

जागा आणि वीज या दोन्ही गोष्टी चेअरमनसाहेबांकडे होत्या. रामकिसन आबा म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. मी दूध संकलनाची शेड आणि जनरेटर मागितला तेव्हा ते पानाला चुना लावत होते.

"सिनेमा कशावर हाय?"

"बापावर, आबा. मुलांशी बापानं कसं वागावं."

"मंग त्याचं उद्‌घाटन आमीच करायला पाह्यजे. या गावाचा बाप दुसरा कोण हाय?" आबा म्हणाले. "आन् आसं करू, माझं भाषण संपलं की त्याच टायमाला टँकर आणतो. लोकायला एकदम कळलं पाह्यजे, बाप कशाला म्हणत्यात."

गावात आठ दिवस टँकर आला नव्हता. मी हो म्हणालो. नाही म्हणायला काही मार्गच नव्हता.

परवानगीसाठी बीडला तहसीलमध्ये गेलो. टेबलासमोर ही रांग! सगळ्यांच्या हातात टँकरच्या मागणीचे अर्ज. त्या सुकलेल्या चेहऱ्यांमध्ये मी विनोदी सिनेमाचा अर्ज छातीशी धरून उभा. मागच्या म्हातारीनं विचारलं, "तुमच्या गावाला किती खेपा पाह्यजेत, दादा?" मी म्हणालो, "एकच. तीन तासांची." ती कौतुकानं म्हणाली, "लई मोठा टँकर हाय मंग."

माझा नंबर आला. कारकुनानं अर्ज वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला.

"धार्मिक हाय का करमणुकीचा? धार्मिकला कर माफ हाय."

"विनोदी आहे. पण आम्ही तो धार्मिक दृष्टीनं बघणार आहोत."

"म्हंजे हसणार न्हाईत?"

"हसू. पण मर्यादेत."

त्यानं पेनानं कान कोरला. मर्यादेत हसण्याचा रकाना त्याच्या तक्त्यात नव्हता. शेवटी म्हणाला, "आसं करा. सदर सिनेमा ख्रिस्ती कुटुंबानं बघण्यालायक कसा हाय, त्याचा अभिप्राय तीन प्रतींत जोडा. आन् सोता बघून लिहा. न बघता लिहिलेलं मला वासावरून कळतं."

अशा रीतीनं मी चित्रपट परीक्षक झालो.

चौसाळ्यात व्हीसीआर एकच होता, आमच्या शेजारी, मन्मथप्पांकडे. मन्मथप्पा किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म आणि जगातल्या कुठल्याही विषयावर तयार सल्ला. त्यांनी मोठ्या मनानं यंत्र देऊ केलं, एवढंच नव्हे तर परीक्षण करायला स्वतः बसायचंही कबूल केलं. "एकट्यानं बघून काय कळतंय? विनोद हाय. चार जणं हसली तरच विनोद हाय का न्हाई ते कळतं," हे त्यांचं म्हणणं मला पटलं. मग त्यांच्या घरचे सहा जण, माझी बायको करुणा आणि आमची एकुलती एक मुलगी रूथ, असे सगळे शनिवारी दुपारी परीक्षणाला बसलो. मी वही, दोन पेनं आणि पट्टी घेतली होती. पट्टी कशासाठी घेतली होती कोण जाणे.

सिनेमात एका विधुर बापाला तीन मुलं असतात. बाप उठसूट मुलांची प्रगतिपुस्तकं तपासतो, म्हणून मुलं चिडून बापाचंच प्रगतिपुस्तक काढतात. विषय: खरं बोलणे, ऐकून घेणे, आवाज. पहिल्या चाचणीत बाप तिन्ही विषयांत नापास. मी लिहिलं, 'सदर बाप प्रथमदर्शनी नालायक वाटत असला तरी त्यास सुधारण्यास वाव आहे.' सगळे हसत होते. मीही मर्यादेत हसलो.

मग मधल्या भागात मोठ्या मुलीला शहरातल्या गाण्याच्या शाळेचं बोलावणं येतं. बापाला ती दूर जायला नको असते. तो ते पत्र तांदळाच्या डब्यात लपवतो. दुसरं पत्र येऊ नये म्हणून पोस्टमनच्या मागं पळतो, मिशी लावून स्वतःच पोस्टमन होतो, आणि त्याच्या मागं कुत्री लागतात. मन्मथप्पांच्या घरातली मंडळी एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी अभिप्रायाच्या तिन्ही प्रतींत लिहिली नाही. ते कुत्र्यांचं दृश्य चाललं होतं, तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घराच्या मागं, रूथच्या नावचं एक पत्र होतं. नगरच्या एका मिशन दवाखान्याच्या नर्सिंग स्कूलचं. चोवीस मेला मुलाखतीला या, असं त्यात होतं.

आमचं टपाल संस्थेच्या पत्त्यावर यायचं. पत्र आलं त्या दुपारी मी ते द्यायलाच घरी निघालो होतो, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. वाटेत हापशावर रांगेत रूथ उभी होती. कमरेवर घागर, ऊन रणरणतं, आणि कशावर तरी मैत्रिणींबरोबर खो खो हसत होती. त्या वर्षी गावात हसण्याचा आवाज फार थोड्या ठिकाणी येत असे. माझ्या मनात आलं, ही गेली की आमच्या घरात कोण हसेल? करुणा मोजून बोलते, मी काळजी करतो. हात खिशापर्यंत गेला आणि परत आला. मी स्वतःला समजावलं, आपण काही लपवत नाही, फक्त योग्य वेळ बघतोय. त्याला बारा दिवस झाले होते.

"काय बाप हाय बे हा!" मन्मथप्पा मांडी थोपटत म्हणाले. "सोताच्या लेकीचं पत्र खातो! आन् तुमी कावून एवढे घामेजले, भिंगारदिवे?"

"पंखा लागत नाही इथं."

"पंख्याखालीच तर बसलेत तुमी."

रूथनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीत घाईघाईनं लिहिलं, 'हा प्रसंग कुटुंबासमवेत पाहण्याजोगा नाही.'

पुढं पंधरा मिनिटांनी वीज गेली आणि परीक्षण तिथंच संपलं. मी अभिप्राय लिहिला. 'सदर चित्रपटातून बापाने कसे असू नये हे प्रभावीपणे कळते, सबब तो बापांच्या हिताचा आहे.' तीन प्रती तहसीलला दिल्या, कारकुनानं खरंच वास घेतला आणि पोच दिली. मन्मथप्पांच्या मते पोच मिळाली म्हणजे परवानगीच.

मग कमिटी बसली. सिनेमाची गोष्ट मी आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितली होती, पोहायच्या तळ्यातल्या गाण्यासकट. आता काम संपलं असं मला वाटत होतं, तर पाळकसाहेबांना अडचण आली. "भिंगारदिवे, आपण देवाला बाप म्हणतो. त्याच शब्दाला आपण मंडळीत बसून हसायचं? बापाच्या मागं कुत्री? मला रात्रभर झोप नाही."

मला आतून फार बरं वाटलं. सिनेमा रद्द झाला तर सगळेच प्रश्न मिटत होते. शिवाय छबुबाई अजून बोलायच्या होत्या. छबुबाई म्हणजे मिशनच्या बालवाडीच्या निवृत्त बाई, वय पंचाहत्तर, लग्नात बँड वाजला तरी उठून जाणाऱ्या. त्या नक्की नको म्हणणार.

छबुबाईंनी पदर सारखा केला. "पाळकसाहेब, बायबलातला तो उधळा पोरगा घरी आला, तवा त्याचा बाप काय करीत होता?"

"धावत सामोरा गेला."

"म्हातारा माणूस. जमीनदार. धोतर वर धरून, गावाच्या मधून पळत गेला. बघणारे हसलेच असतील की न्हाई? त्याला आपलं हसं झालेलं चाललं. लावा सिनेमा. फक्त ते पवायच्या तळ्यातलं गाणं झाका."

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हे व्याख्यान मागच्या वर्षी तुम्ही द्यायला हवं होतं."

ठराव झाला: तळ्यातल्या गाण्याच्या वेळी टीव्हीपुढं चादर धरावी. चादर मी आणि माझ्या घरचं एक माणूस धरील. मी इतिवृत्त लिहिलं आणि लिहिता लिहिता, कुणाला न विचारता, आणखी एक ओळ घातली: 'तसेच पत्र लपविण्याचा प्रसंग.'

घरी चादरीचं दुसरं टोक रूथकडं आलं. तिनं इतिवृत्त वाचलं.

"पप्पा, पत्राच्या प्रसंगात झाकण्यासारखं काय आहे?"

"खोटेपणा आहे."

"मग सगळा सिनेमाच झाकावा लागेल." मग म्हणाली, "माझं पत्र अजून आलं नाही. मेरीनं दुसरीकडं अर्ज केला होता, तिला आलंही म्हणे, मागच्याच आठवड्यात."

"टपालाचं काही खरं नाही," मी म्हणालो. माझ्या आईवडिलांनी मला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, त्यामुळं मला ते नीट जमतही नव्हतं. करुणानं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून माझ्याकडं पाहिलं आणि आत घेतलं. तेवढ्यानं मला जेवण गेलं नाही.

एकोणीस मेला दुपारी चारला शेड भरली. पत्र्याचं छप्पर तापलेलं, शटर अर्धं ओढलेलं, दुधाच्या रिकाम्या कॅनवर टीव्ही. मंडळीची बावीस घरं येतील असा अंदाज होता, पण टँकर येणार ही बातमी फुटली होती. सगळं गाव आलं, आणि घागरी, कळश्या, डबे घेऊन आलं. पुढच्या रांगेत पाळकसाहेबांच्या मांडीवर कुणीतरी हंडा ठेवला होता.

आबांचं भाषण झालं. "बाप म्हंजे काय? बाप म्हंजे पाणी!" ते म्हणाले आणि रस्त्याकडं हात केला. रस्त्यावर काहीच नव्हतं. आबांनी पुन्हा पहिल्यापासून भाषण सुरू केलं. तिसऱ्यांदा "बाप म्हंजे पाणी" झालं तेव्हा निरोप आला, टँकर मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडलाय. आबा खाली बसले आणि माझ्याकडं असे बघू लागले, जणू मीच तो टँकर होतो.

सिनेमा सुरू झाला. लोक हसले. छबुबाई तर तोंडात पदर कोंबून हसत होत्या. तळ्यातलं गाणं आलं, आम्ही चादर धरली, मागून शिट्ट्या आल्या, गाणं गेलं, चादर उतरली. मी घड्याळ बघत होतो, घाम पुसत होतो. तो प्रसंग जवळ आला. पोस्टमननं दार वाजवलं.

मी माझं टोक वर केलं. रूथनं तिचं केलं नाही.

"धर की," मी कुजबुजलो.

"नाही धरत," ती म्हणाली. "मला बघायचंय."

अर्धा टीव्ही झाकलेला, अर्धा उघडा. उघड्या भागात तो बाप पत्र डब्यात घालत होता. शेड खदखदून हसत होती. एवढ्यात बाहेर लांबलचक हॉर्न वाजला.

"टँकर!"

पुढच्या क्षणी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. भांड्यांचा असा आवाज झाला, जणू छप्परच कोसळलं. दोन मिनिटांत शेडमध्ये फक्त जनरेटरची धडधड राहिली. आबा ओरडत बाहेर पळाले, "थांबा, मला बोलू द्या!" पाळकसाहेब मांडीवरचा हंडा कुणाचा हे विचारत गेले. सिनेमातला बाप रिकाम्या शेडमध्ये एकटाच कुत्र्यांपुढं पळत होता. आणि चादरीच्या दोन टोकांना आम्ही दोघं.

मी चादर सोडली. खिशातून पत्र काढलं आणि तिच्यापुढं धरलं. पत्र देताना म्हणायचं एक लांबलचक व्याख्यान मी पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं पहिलं अक्षरही आठवेना.

रूथनं पत्र उघडलं. इतक्या दिवसांच्या घामानं कागदाचा लगदा झाला होता. शाई उतरून सगळीकडं निळे ढग पसरले होते. नाव दिसत होतं, 'मुलाखत' दिसत होतं, 'मे' दिसत होतं. तारखेच्या जागी दोनचा आकडा आणि पुढं एक डाग.

"कधी आहे?" तिनं विचारलं.

"चोवीसला. चोवीसच आहे. मी वाचलंय."

"कशावरून?"

"मी सांगतोय ना."

आयुष्यात माझ्या सह्या बोर्डापासून जिल्हा बँकेपर्यंत चालल्या, पण त्या वेळी माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, आणि ते तिचं चुकलंय असंही मला म्हणता येईना. ती पत्र मुठीत धरून बाहेर चालू लागली.

मी मागं पळालो. चादर पायात आली म्हणून ती गळ्यात गुंडाळली. टँकरभोवती सगळं गाव, मधून ती सरळ हमरस्त्याकडं निघालेली, आणि मी घागरींवरून उड्या मारत, "रूथ! अगं रूथ, ऐक!" एका कळशीत पाय गेला. कुणाचं तरी पाणी सांडलं, त्या बाईनं मला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. लोक हसायला लागले. सिनेमाला हसले नव्हते इतके हसले. मन्मथप्पा टँकरच्या चाकाशेजारून ओरडले, "सचिवसाहेब, आवो तुमचं काय हाय? पिच्चर तिकडं हाय!"

एसटीच्या थांब्यावर मी तिला गाठलं. धाप लागली होती, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"मी चुकलो," मी म्हणालो. "मला... तू गेलीस की घर..." पुढचं धापेत गेलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं जायचं," ती म्हणाली. "एकवीस असली तर? बावीस असली तर? मी चोवीसवर विसंबणार नाही."

"चोवीसच आहे गं."

"उद्या."

घरी करुणानं सगळं ऐकलं, माझी पिशवी भरली आणि रूथसाठी दशम्या बांधल्या. माझ्यासाठी बांधल्या की नाही हे नगरला पोचेपर्यंत मला कळलं नाही. बांधल्या होत्या, पण चटणी नव्हती.

वीस मेला दुपारी आम्ही नर्सिंग स्कूलच्या फाटकात उभे होतो. मेट्रनबाईंनी यादी पाहिली.

"मुलाखत चोवीसला आहे," त्या म्हणाल्या. "चार दिवस आधी आलेले तुम्ही पहिलेच बाप. फारच उत्साह आहे तुम्हाला मुलीला पाठवायचा."

मी रूथकडं पाहिलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. असलं खरं ठरणं देवानं कुणाच्या वाट्याला आणू नये. पण रूथच्या ओठाचा कोपरा हलला, मग दुसरा हलला, आणि ती तिथंच, मेट्रनबाईंसमोर, पोटाला धरून हसायला लागली. हापशावर हसत होती तशीच. मेट्रनबाई आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.

चार दिवस आम्ही माझ्या मावसभावाच्या ओसरीवर काढले. नगरलाही पाणी एक दिवसाआड होतं. आम्ही सकाळी नळाच्या रांगेत उभे राहायचो आणि रूथ मला शरीरातल्या हाडांची नावं म्हणून दाखवायची. मी पुस्तकात बघून तपासायचो. पूर्ण माफी तिनं दिली नव्हती. मधेच गप्प व्हायची, मग मी पुढचं हाड विचारायचो.

चोवीसला तिची निवड झाली. निवडलेल्या मुलींना तिथंच ठेवून घेतलं, कपडे आणि सामान मागाहून पाठवायचं होतं. फाटकात ती म्हणाली, "पप्पा, पत्रं थेट घरच्या पत्त्यावर पाठवीन. संस्थेच्या नाही."

"बरं."

"आणि तुम्ही लिहा. काळजी करू नका असं नुसतं लिहू नका. खरं काय ते लिहा." मग ती वाकून पाया पडली आणि मागं न बघता आत गेली. मी बराच वेळ फाटकापाशी उभा राहिलो, तेव्हा रखवालदारानं विचारलं, "पेशंट कोण आहे?"

परतीच्या गाडीत बऱ्यापैकी जागा होती. कंडक्टर आला. मी पैसे पुढं करत म्हणालो, "मांजरसुंबा दोन."

त्यानं दोन तिकिटं फाडली, हातात दिली, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. "दुसरं कोण?"

मीही शेजारी पाहिलं. "फाडलीत ना," मी म्हणालो, "राहू द्या."

जामखेडला गाडी भरली. एक पटकेवाला म्हातारा गाठोडं घेऊन माझ्याजवळ आला. "सरका की जरा, पाव्हणं. पाटोद्याला उतरायचंय. ही जागा रिकामीच हाय."

मी त्याला दोन्ही तिकिटं दाखवली. स्वतःलाच लाज वाटत होती, पण हात मागं येईना.

"कोण येणार हाय?"

"लेक."

"कुठं चढणार हाय ती?"

"चढणार नाही," मी म्हणालो. "नगरला सोडून आलो."

म्हाताऱ्यानं तिकिटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. गाठोडं पायाशी ठेवून तो दांड्याला धरून उभा राहिला. पुढं पाटोद्यापर्यंत कुणीही त्या जागेकडं वळलं की मी तोंड उघडायच्या आत तोच सांगायचा, "तिथं नका बसू. ती जागा घेतलेली हाय."